सावलीचं ताट

त्सुरुगा, २५ जुलै १९६६

प्रिय ताकेयोताई,

पत्राची सुरुवात उन्हाळ्याच्या चौकशीने करायची असते, म्हणून विचारते, इसोनेला ऊन कसं आहे? इथे डांबर चाकाला चिकटतं आणि डांबर संपलं की नुसती खडी. माझे दोन्ही तळवे सोलवटले आहेत. हे आईला वाचून दाखवू नकोस.

चिसातो सतत माझ्या पुढे असते. अध्यापक महाविद्यालयात चार वर्षं आम्ही एका खोलीत काढली, पण ती सायकल अशी चालवत असेल असं मला वाटलं नव्हतं. चढावर ती उतरत नाही, उतारावर ब्रेकला हात लावत नाही. मी धापा टाकत वर पोचते तेव्हा ती दगडावर बसून म्हणते, ‘‘होशिनाबाई, शाळा भरून सुटली.’’ मला हसू येतं आणि रागही.

निघताना आईशी वाद घातला त्याचं वाईट वाटतंय. मी ऐन दारात तिला ऐकवलं, की जो घरात नाही त्याच्या जागेवर रोज ताट वाढून, भाताच्या वाडग्याचं झाकण उचलून, आतून थेंब दिसले म्हणजे तो खुशाल आणि कोरडं निघालं म्हणजे संकटात, असं मानणं आता सोडून द्यायला हवं. गरम भाताची वाफ थंड झाकणाला लागली की पाणी होणारच. हे मी चौथीच्या मुलांना शिकवते. आईने नुसता माझ्या टोपीचा बंद घट्ट केला. ती सावलीचं ताट वाढते आहे का? वाढत असली तर अडवू नकोस.

एक गोष्ट मनात राहिली आहे. काल एका बोगद्यात चिसातोचा दिवा अचानक गेला. पुढे अंधार, मागून ट्रकचा आवाज. मी ओरडले, ती थांबली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘‘डायनामो उलटला वाटतं.’’ तिने तो बोटाने परत टायरला टेकवला आणि पुढे निघाली. जुनी सायकल आहे, होत असेल.

आम्ही किनाऱ्याने पश्चिमेला शिमोनोसेकीपर्यंत जाणार आहोत. तुझी पत्रं तोत्तोरी, मात्सुए आणि हामादाच्या टपाल कचेरीत पाठव. पाकिटावर ‘येऊन नेईपर्यंत राखून ठेवा’ असं लिही. खाली माझं पूर्ण नाव लिही, नाहीतर मागच्यासारखं ‘आमची इत्सु’ लिहिशील.

तुझी,
इत्सुको


इसोने, २८ जुलै

मास्तरीणबाई,

तुझ्या अडाणी बहिणीचं पत्र. चुका लाल शाईने काढून परत पाठवू नकोस. कॉलेजच्या पहिल्या वर्षी पाठवलं होतंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तुझं पत्र जेवताना मोठ्याने वाचलं, तळवे गाळून. बाबा म्हणाले, ‘‘समुद्रात पडलं तर माणूस नुसता भिजतो. रस्त्यावर पडलं तर सोलवटतो. घरात पहिली पदवीधर झाली, पण एवढं तिला कोणी शिकवलं नाही.’’ म्हणजे गाळून काही उपयोग झाला नाही.

आई तुझ्या जागी रोज दुपारी ताट वाढते. भात, सूप, कोंड्यात मुरवलेली तारली. तुझा वाफेचा धडा मी तिला परत म्हणून दाखवला. ती म्हणाली, ‘‘वाफ तर वाफ. पण तिच्या ताटातली वाफ.’’ यावर तुमच्या पुस्तकात उत्तर असेल तर कळव. आमची जेवणं झाली की ते ताट माझ्यापुढे सरकतं. तू सायकल चालवून वाळतेस आणि मी इथे बसून तुझ्या वाटणीचं खाऊन फुगते.

झाकण रोज ओलं निघतं. आई ते खिडकीपाशी नेऊन बघते, मग धुवायला देते.

आता माझा प्रश्न. मी मासे विकायला कानाझावाला जाते तेव्हा मुराईंच्या गल्लीवरूनच जाते. चिसातोची आई खिडकीत किमोनो शिवत बसलेली दिसते. आपली तोंडओळखही नाही. ती वाढते का लेकीसाठी? आणि डायनामो आपोआप उलटत नाही, इत्सु. माझी सायकल भंगारवाला फुकटही नेणार नाही, पण तिचाही कधी उलटला नाही. तो बोटाने उलटवावा लागतो.

ताकेयो


तोत्तोरी, ३१ जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. तू म्हणालीस तेच खरं आहे. तो ती बोटाने उलटवते. त्यानंतरच्या प्रत्येक बोगद्यात मी तिच्या हाताकडे लक्ष ठेवलं. आत शिरताना ती वाकते आणि दिवा जातो.

काल वाळूच्या टेकड्यांपाशी मी तिला सरळ विचारलं. ती बुटातली वाळू झटकू लागली. मग म्हणाली, ‘‘ही सायकल शूइचीदादाची आहे.’’

तिचा भाऊ अपघातात गेला एवढंच मला माहीत होतं. बाकीचं काल कळलं. दोन वर्षांपूर्वी तोही याच रस्त्याने एका मित्राबरोबर शिमोनोसेकीला निघाला होता. हामादाच्या पुढे कुरेसाका नावाचा बोगदा आहे. आत मित्राचं चाक पंक्चर झालं. त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून शूइचीसान उतरले आणि तेही सायकल हातात धरून चालू लागले. चाक जोरात फिरेल तोवरच दिवा जळतो, हे तुला सांगायला नको. चालायला लागल्यावर दोघांचेही दिवे गेले. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ते दिसले नाहीत. मित्र वाचला. येत्या ११ ऑगस्टला दोन वर्षं पूर्ण होऊन तिसरं लागतं, म्हणून शूइचीसानचं तिसऱ्या वर्षाचं श्राद्ध आहे. घरी भिक्षू येणार, नातेवाईक जमणार, आणि चिसातो त्या दिवशी तिथे नसणार. तिच्या नकाशावर कुरेसाकापाशी पेन्सिलीने ११ लिहिलेलं आहे.

मी म्हटलं, ‘‘तुझी आई काय म्हणाली?’’

‘‘काही नाही. मी निघाले तेव्हा दारातही आली नाही.’’

‘‘कामात असेल.’’

‘‘दादासाठी रोज ताट वाढायची. झाकण उचलून शेजारणींना दाखवायची. मी विचारलं, माझं वाढशील का? ती म्हणाली, नाही. एवढंच. नाही.’’ मग ती हसली. ‘‘बरं आहे. माझी वाट बघणारं कोणी नाही, म्हणजे उशीर झाला तरी चालेल.’’

ताई, तिने हे ज्या आवाजात सांगितलं तो मला आवडला नाही. भर उन्हात ती पाणी न पिता जाते. मी थांबवलं तर थांबते, नाहीतर नाही. मला वाटायचं, नीट समजावून सांगितलं की माणूस ऐकतो, आणि याच भरवशावर मी शिक्षिका झाले. तिला काय समजावू तेच मला कळत नाही.

एक काम कर. कशी विनंती करतेय ते माझं मलाच कळतंय, तेव्हा हसू नकोस. आईला सांग, माझ्या शेजारी चिसातोचंही ताट वाढ. मुराईंच्या घरी मात्र जाऊ नकोस. आईच्या कानावर घालणार नाही, असा शब्द मी चिसातोला दिला आहे.

तुझी,
इत्सुको


इसोने, ३ ऑगस्ट

इत्सु,

हसले नाही. थोडीशी हसले, पण पत्र संपायच्या आत थांबले.

आईला सांगितलं. तिने लगेच फडताळातून दुसरा वाडगा काढला, पुसला आणि तुझ्या शेजारी आसन टाकलं. बाबांना बसायला जागा उरली नाही, ते आता दारात बसून जेवतात. म्हणाले, ‘‘अजून दोघी सायकलवर गेल्या तर मी होडीत जेवेन.’’ पण दुसऱ्या ताटातल्या तारलीचा मोठा तुकडा त्यांनीच निवडला. म्हणे परक्याची पोर आहे, कमी पडायला नको.

दोन्ही झाकणं ओली निघतात. काळजी करू नकोस.

मुराईंकडे गेले नाही. तू शब्द दिलास, तो मी पाळते. पण मला पटलेलं नाही. मुलासाठी रोज ताट वाढणारी बाई मुलीसाठी नुसतं ‘नाही’ म्हणते? मासा आतून खराब असेल तर वास येतो. इथे काहीतरी आहे, पण वास कसला ते मला खिडकीबाहेरून कळत नाही.

तू तिच्या पुढे चालव. मागे राहशील तर तुला फक्त तिची पाठ दिसेल. पाठीवरून काय कळणार?

ताकेयो


मात्सुए, ६ ऑगस्ट
(जलद टपाल)

प्रिय ताई,

माझ्या हातून दोन चुका झाल्या.

पहिली. तुझं पत्र मी टपाल कचेरीच्या पायरीवर वाचत होते. चिसातोने विचारलं, ‘‘घरी सगळे बरे?’’ मी पत्र तिच्या हातात दिलं. मला वाटलं, कोणीतरी आपल्यासाठी ताट वाढतंय हे वाचून तिला बरं वाटेल. तिने सगळं वाचलं आणि नीट घडी घालून परत दिलं. म्हणाली, ‘‘तुझ्या आईला माझे आभार कळव. पण दुसऱ्याच्या घरच्या भाताने माणूस परत येत नसतो.’’

दुसरी चूक मोठी आहे. आज पहाटे ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या पुढच्या चाकाची व्हॉल्व्हट्यूब काढली आणि माझ्या खिशात टाकली. ते रबर एवढंसं असतं, पण त्यावाचून हवा राहत नाही. मी ठरवलं होतं, चाक बसलं, दुरुस्तीत दिवस गेले, अकरा तारीख टळली, की सगळं टळेल. चिसातो आली, तिने चाक दाबून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या डबीतून नवी व्हॉल्व्हट्यूब काढून बसवली आणि हवा भरली. मी तिथेच उभी होते. पंप बाजूला ठेवून ती म्हणाली, ‘‘पुढच्या वेळी चाक चोर.’’

‘‘चिसातो, तू त्या बोगद्यात काय करणार आहेस?’’

‘‘चालणार. दादा चालला तसं, दिवा न लावता. त्याला शेवटी काय दिसत होतं ते मला बघायचंय.’’

‘‘आणि ट्रक आला तर?’’

‘‘आला तर आला.’’

मग सांगितलं, की हामादापासून ती एकटी जाईल. माझा राग आलेला नाही म्हणाली. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

पोलिसांना काय सांगू? एक शिक्षिका बोगद्यातून चालत जाणार आहे, हा काही गुन्हा नाही. पश्चिमेकडून वादळ येतंय, आकाश आजच शाईसारखं झालं आहे. आम्ही दहाला हामादाला पोचू.

तू मुराईंकडे जाऊ नकोस. मी शब्द दिला आहे, तो अजून मोडलेला नाही. खरंच जाऊ नकोस. पण काय करावं ते मला आता कळेनासं झालं आहे.

इत्सुको


कानाझावा, ९ ऑगस्ट
(जलद टपाल)

इत्सु,

मी गेले. तू ‘जाऊ नकोस’ असं दोनदा लिहिलंस. एकदाच लिहिलं असतंस तर ऐकलं असतं.

हे पत्र स्टेशनाजवळच्या मोठ्या टपाल कचेरीत, उभ्याने लिहितेय. पाठीवर रिकामी टोपली आहे आणि मागचा माणूस खाकरतोय.

मुराईंच्या मागच्या दाराने गेले. मासे हवेत का, विचारलं. काकू म्हणाल्या, ‘‘अकराला घरात कार्य आहे. तोवर मासे नकोत.’’ मी टोपली खाली ठेवली आणि म्हटलं, ‘‘मी इत्सुको होशिनाची बहीण. तुमच्या चिसातोचं ताट आमच्या घरी वाढतोय. तुम्ही का वाढत नाही, तेवढं विचारायला आले.’’

काकू सुईत दोरा ओवत होत्या. तो काही ओवला जाईना. शेवटी सुई कापडात खोचून ठेवली आणि मला ओसरीवर बसायला सांगितलं. चहा दिला नाही. त्या काय बोलल्या ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे तू तिला वाचून दाखवशील.

‘‘शूइची गेला त्या दिवशी दुपारी मी त्याच्या वाडग्याचं झाकण उचललं. थेंब टपटप खाली पडले. एवढं ओलं कधी निघालं नव्हतं. मी ते घेऊन शेजारच्या ओताबाईंकडे गेले. म्हटलं, बघा, माझा पोरगा किती मजेत आहे. तो सकाळीच गेला होता. मी झाकण मिरवत होते तेव्हा त्याला चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. पोलीस संध्याकाळी आले. माझ्या हातचं ताट खोटं बोलतं, मुली. चिसातो म्हणाली, माझं वाढशील का. त्याच हाताने तिचं वाढू? निघाली तेव्हा मी दाराआड उभी होते. बाहेर आले नाही, कारण आले असते तर ‘जपून जा’ म्हटलं असतं. त्यालाही म्हटलं होतं.’’

मी म्हटलं, ‘‘तिला वाटतं, तुम्हाला ती नकोय.’’

‘‘असं म्हणाली?’’

‘‘उशीर झाला तरी चालेल, असं म्हणाली. कुरेसाकात ती दिवा न लावता चालणार आहे. परवा.’’

काकूंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मी पहिल्यांदा नीट बघितलं, चिसातोसारखेच हात आहेत, लांब बोटांचे. त्यांनी गाड्यांची चौकशी करायला शेजारचा माणूस धाडला. वादळाने पुढे रूळ बुडालेत, हामादाकडे गाडी परवापर्यंत नाही. टपालाची मोटार जाते म्हणतात. तार करायची तर चार शब्दांत काय लिहिणार, म्हणून हे पत्र.

मी विचारलं, ‘‘काकू, आता तरी वाढाल?’’

‘‘नाही,’’ म्हणाल्या. मग मी टोपली उचलल्यावर म्हणाल्या, ‘‘तिला सांग, दिवा लाव.’’

काकू वाढतील असं मी तुला लिहू शकले असते. पण एकदा खोटं लिहून झालं आहे आणि ते मला पचलं नाही. दुसरं झाकण ओलं निघतं हे खोटं होतं. चिसातोचं झाकण पहिल्या दिवसापासून कोरडं आहे. आई दोन दिवस धड जेवली नाही.

हे पत्र तुला हामादात मिळायलाच हवं. नाही मिळालं तरी तू तिला एकटी जाऊ देऊ नकोस.

ताकेयो


कुरेसाकाच्या पलीकडचं गाव, १२ ऑगस्ट

प्रिय ताई,

तार मिळाली असेल. आता सगळं सविस्तर लिहिते.

अकराच्या सकाळी हामादात धुवांधार पाऊस होता. चिसातो उजाडताच निघाली. टपाल कचेरी उघडायची होती. मी तिच्या मागे जावं की तुझ्या पत्रासाठी थांबावं? तुला सांगते, त्या बंद दारापुढे उभं राहण्याइतकं अवघड काम मी आजवर केलेलं नाही. दार उघडलं तेव्हा कारकून म्हणाले, रात्रीचं टपाल अजून आलेलं नाही. म्हटलं, आता निघते. तेवढ्यात मोटार आली. पिशवी त्यांनी माझ्यासमोर उघडली. पत्र मी तिथेच वाचलं, टोपीत लपवलं आणि निघाले.

रस्ता चढाचा होता. खडीवरून लाल पाणी वाहत होतं. माझ्या डोक्यात एकच होतं, ती पाऊस थांबायची वाट बघत कुठेतरी थांबली असेल. ती तशी थांबणारी नाही, हेही माहीत होतं.

ती बोगद्याच्या तोंडाशी होती. सायकल भिंतीला टेकवून उकिडवी बसली होती. तिच्यासमोर दगडावर एक फूल, पावसाने चपटं झालेलं. ती किती वेळ तशी बसली होती कोण जाणे. ओठ निळे पडले होते. मला बघून म्हणाली, ‘‘आत जायला पाय उठेना.’’

मी पत्र वाचायला घेतलं. शाई पसरत होती, म्हणून दोघींच्या मध्ये धरून घाईघाईने वाचलं. ओताबाईंचं आलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘परत वाच.’’ मी परत वाचलं. दाराआड उभी होते, हेही परत वाचलं. मग काकू शेवटीही ‘नाही’ म्हणाल्या, ते मी गाळणार होते. गाळलं नाही.

चिसातो म्हणाली, ‘‘आई घाबरली? ती उंदराला हाताने धरते.’’ आणि तोंडावर हात घेऊन रडली. मी तिला पहिल्यांदाच रडताना बघितलं. मग डोळे पुसून उठली. म्हणाली, ‘‘तरी मला चालतच जायचंय. त्याच्यासाठी.’’

मी म्हटलं, ‘‘चाल. दिवा मी धरते.’’

ती सायकल हातात धरून पुढे चालू लागली. चालताना दिवा जळत नाही, म्हणून मी माझ्या सायकलवर बसले आणि तिच्या मागे इतकी हळू चालवत राहिले की तोल जात होता. पडायला आले की हँडल डावी-उजवीकडे फिरवायचं, चाक फिरतं ठेवायचं. दिवा मोठा व्हायचा, बारीक व्हायचा, पण विझला नाही. तिची सावली भिंतीवर लांब-आखूड होत होती. आत पाणी ठिबकत होतं. मध्यावर ती एका जागी थांबली आणि भिंतीला हात लावला. मी जागच्या जागी गोल गोल फिरत राहिले, कारण थांबले असते तर अंधार झाला असता.

तेव्हाच मागून ट्रक आला. आधी आवाज, मग भिंती उजळल्या. मी ओरडले. ती भिंतीला चिकटली. मला उतरायला वेळ नव्हता, म्हणून मी दिवा त्याच्याकडे वळवला आणि सायकल आडवी नेली. ब्रेक किंचाळले. ट्रक माझ्यापासून सायकलभर अंतरावर थांबला. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. म्हातारा होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

‘‘मरायचंय का तुम्हाला?’’

हे वाक्य रस्त्यावर रोज कोणी ना कोणी म्हणतं. त्याला उत्तर द्यायचं नसतं. पण चिसातो भिंतीपासून दूर झाली, पुढे आली, कमरेतून वाकली आणि म्हणाली, ‘‘नाही.’’ मग परत म्हणाली, ‘‘नाही, मरायचं नाही.’’

त्याने डोक्याचा टॉवेल काढून तोंड पुसलं. मग म्हणाला, ‘‘मग पुढे व्हा. मी मागून येतो.’’ आणि खरंच, बोगदा संपेपर्यंत तो आमच्या चालीने मागे आला, दोन्ही दिवे लावून. एवढ्या उजेडात मी माझ्या दिव्याचा हट्ट सोडायला हवा होता. सोडला नाही.

बाहेर आल्यावर चिसातोने स्वतःच्या सायकलचा डायनामो बोटाने टायरला टेकवला. पाऊस थांबला होता, उजेड होता, दिव्याची गरज नव्हती. गावात पोचून आधी तारा केल्या.

आता आईसाठी. दुसऱ्या वाडग्याचं झाकण म्हणजे मांजराने पाडलेलं ना, कडेचा टवका उडालेलं? वाफ त्या फटीतून निघून जाते. झाकणाला थेंब धरत नाहीत ते म्हणून. तिला सांग आणि पोटभर जेवायला लाव. मी ताटाला काही म्हणत नाही. फक्त झाकण बदला.

तुझी,
इत्सुको


इसोने, १६ ऑगस्ट

इत्सु,

हे पत्र शिमोनोसेकीला पाठवतेय. तुमच्या आधी ते पोचलं तर टपालखात्याला माझा नमस्कार सांग.

अकराला मला घरी बसवेना, म्हणून परत कानाझावाला गेले. श्राद्धाच्या घरी मासेवाली काय करणार? स्वयंपाकघरात भांडी घासत बसले. भिक्षूंनी पाठ केला, नातेवाईक मांडी घालून बसले. ‘‘लेक कुठे दिसत नाही?’’ असं एका मामीने तीनदा विचारलं. काकू म्हणाल्या, ‘‘प्रवासात आहे.’’

ताटं मांडून झाली. सगळे हात जोडणार, तेवढ्यात काकू उठल्या, आत आल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘तो निळा वाडगा दे.’’ मी दिला. भात वाढताना बाहेर सांडला. सांडलेला परत वाडग्यात घातला, झाकण ठेवलं आणि ताट चिसातोच्या जागी नेऊन ठेवलं. सगळे सरकून बसले. ती मामीसुद्धा.

झाकण मात्र त्यांनी उचललं नाही. जेवणं झाली, मंडळी गेली, मी भांडी धुतली, ताट तसंच. मी एकदा हात पुढे केला तर म्हणाल्या, ‘‘राहू दे.’’ काकू त्या ताटासमोर बसून राहिल्या. बाहेर पावसाची झड. दुपार कलली.

दार वाजलं तेव्हा आम्ही दोघी उठलो नाही. दोन वर्षांपूर्वीही संध्याकाळीच दार वाजलं होतं. शेवटी मी गेले. तारवाला होता. तार मी वाचली नाही, तशीच त्यांच्या हातात दिली. काकूंनी वाचली. चिसातोने लिहिलं होतं, ‘पार झाले. दिवा लावला आहे.’

मग त्यांनी झाकण उचललं. आतून कोरडं ठणठणीत. भात वर-वर वाळून टणक झाला होता. काकूंनी ते झाकण उजेडात धरलं, बोट फिरवलं आणि हसायला लागल्या. आधी हळू, मग पोट धरून. मला वाटलं, यांना काही झालं. म्हणाल्या, ‘‘पुन्हा खोटं बोललं बघ.’’ त्या वाळक्या भातावर गरम चहा ओतून त्यांनी तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. त्या दिवशीचा त्यांचा तो पहिला घास. मग वाडगा आणि झाकण स्वतः धुऊन फडक्यावर पालथं घातलं. मी म्हटलं, फडताळात ठेवू का? म्हणाल्या, ‘‘नको. उद्या लागेल.’’

घरी येऊन हे सांगितलं तशी आईने आपल्याकडचं चिसातोचं ताट उचललं. म्हणे एका माणसाला दोन घरांतून वाढलं तर ते वाट चुकतं. बाबा परत आपल्या जागी बसून जेवतात. टवक्याचं झाकण आईने बदललं नाही. आता मांजराला दूध द्यायला वापरते.

तुझं ताट अजून आहे आणि ते अजून मलाच खावं लागतं. तेव्हा लवकर ये.

ताकेयो